पोटावरची पिशवी

डॉक्टरांनी माझं मोठं आतडं कागदावर काढून दाखवलं, तेव्हा माझं लक्ष आधी गेलं ते त्यांच्या रेघेकडे. ती कुठेच नीट जुळत नव्हती. मी शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते. कुणी आकृती अशी उघडी सोडली तर मी ती पुसून पुन्हा काढायला लावते. डॉक्टरांनी त्या उघड्या आकृतीत डाव्या बाजूला, अगदी खाली, एक फुली मारली.

"मॅडम, इथे गाठ आहे. तुकडा तपासून आलाय. कॅन्सर आहे. पण पसरलेला दिसत नाही. ऑपरेशन करून तेवढा भाग काढून टाकायचा."

"बरं," मी म्हणाले.

नवरा शेजारच्या खुर्चीत बसला होता. तो चिंचोळीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर आहे. सकाळची पाळी अर्धी टाकून तसाच आला होता, गणवेशावर ग्रीसचे डाग घेऊन. तो डॉक्टरांना म्हणाला, "पण हिला मूळव्याध आहे ना?"

चूक त्याची नव्हती. गेले काही महिने रक्त पडत होतं आणि आम्ही दोघांनी त्याला मूळव्याध असं नाव देऊन टाकलं होतं. मेडिकलमधून मलम आणलं, कुणीतरी सांगितलेलं चूर्ण घेतलं, तिखट बंद केलं. शाळेच्या स्टाफरूममध्ये असल्या गोष्टी बोलता येत नाहीत. वजन उतरलं तेव्हा सगळ्याजणी म्हणाल्या, छान बारीक झालात, काय करता?

दवाखान्यातून निघालो तेव्हा मी त्याला म्हणाले, "मंडईवरून जाऊ. मेथी संपलीय." त्याने गाडी थांबवली. मी चार गड्ड्या उलटसुलट करून कोवळी बघून घेतली. घरी येऊन ती निवडायला बसले. तो दारातच खुर्चीवर बसून राहिला, पायातले बूट न काढता.

"बूट काढा ना," मी म्हणाले.

त्याने एक बूट काढला आणि तो हातात धरून माझ्याकडे बघत बसला.

भीती वाटली का, रडू आलं का, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. खरं उत्तर कुणालाच आवडलं नाही म्हणून मी ते द्यायचं बंद केलं. मला काहीच वाटलं नाही. दाढ काढण्याआधी हिरडीत इंजेक्शन देतात, मग गालाला हात लावला तरी तो गाल दुसऱ्याचा असल्यासारखा लागतो. तसं सगळ्या अंगभर झालं होतं. मेथीची भाजी मात्र मी चांगली केली. मीठसुद्धा बरोबर पडलं.

आम्हाला मूलबाळ नाही. त्यामुळे सांगायचं असं एकच माणूस होतं, माझी थोरली बहीण. ती माळशिरस तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. आई गेली तेव्हा मी पाचवीत होते आणि आक्काचं नुकतंच लग्न झालं होतं. तिने मला सासरी नेलं, लोकांच्या उसात खुरपायला जाऊन मला शिकवलं. स्वतः ती चौथीच्या पुढे गेली नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी शाळेच्या जिन्यात उभी राहून तिला फोन लावला.

"आक्का, माझं ऑपरेशन करायचंय."

"कशाचं?"

"आतड्याचं. कॅन्सर निघालाय."

पलीकडून नुसता पाण्याच्या मोटारीचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "ज्वारीचं पीठ हाय का घरात?"

"आहे."

"मग हितनं आणत न्हाय. मी उद्याच्या गाडीनं येती."

ती आली ती एक पिशवी, एक घोंगडी आणि लेकाचा जुना मोबाइल घेऊन. आल्या आल्या माझ्या गालावरून हात फिरवला, "लई सुकलीस बारके," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. मी पन्नाशी ओलांडली तरी तिच्या लेखी बारकीच आहे. त्याहून जास्त आजाराबद्दल ती काही बोलली नाही. मला ते बरं वाटलं असावं. नक्की सांगता येत नाही.

ऑपरेशनच्या आधी तपासण्यांचा एक आठवडा गेला. रक्त, छातीचा फोटो, ईसीजी, पोटाचं स्कॅन. दवाखान्यातून एक प्लास्टिकचं खेळणं दिलं होतं. त्यात तीन कप्प्यांत तीन चेंडू होते. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा की चेंडू वर जातात. ऑपरेशननंतर छातीत कफ धरू नये म्हणून आधीपासून सराव करायचा. माझे दोन चेंडू वर जायचे, तिसरा हलायचासुद्धा नाही. आक्काने ते माझ्या हातातून घेतलं, उलटंपालटं करून बघितलं.

"ही तर उलटी फुकणी हाय की," म्हणाली आणि नळी पदराने पुसून एका दमात तिन्ही चेंडू वर नेऊन धरून ठेवले. नवरा कितीतरी दिवसांनी हसला. मीही हसले. हसताना तोंडाचे स्नायू हलत होते एवढं मला कळत होतं.

शाळेत मी नववी-दहावीचे तास दुसऱ्या सरांना समजावून दिले. वर्गात फक्त रजेवर जातेय असं सांगितलं. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, त्रिकोणमिती तुम्हीच घ्या ना, सर लई फास्ट शिकवतात." मी म्हणाले, "तोपर्यंत येईन." असं म्हणताना मला खरंच काही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसल्याचं वाईटही वाटत नव्हतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दाखल झाले. दुपारी एक सिस्टर आली. तिच्या हातात जाड काळं मार्कर पेन होतं, आम्ही तक्त्यांवर लिहायला वापरतो तसलं. तिने मला आधी बसायला लावलं, मग उभं राहायला, मग वाकायला.

"मॅडम, साडी नेसता की ड्रेस घालता?"

"शाळेत साडीच."

"परकराची नाडी कुठे बांधता, दाखवा."

मी दाखवलं. तिने नाडीच्या वर, बेंबीच्या उजवीकडे, पोटाला घडी पडत नाही अशी जागा शोधली आणि तिथे गोल काढून आत फुली मारली. मग समजावून सांगितलं. गाठ काढल्यावर आतड्याची दोन टोकं जोडतात. तो जोड भरून येईपर्यंत तिथून काही जाऊ द्यायचं नसतं. म्हणून लहान आतड्याचा एक वळसा पोटावर बाहेर काढतात आणि त्यावर पिशवी चिकटवतात. शौचाचं सगळं त्या पिशवीत. "तात्पुरती आहे," ती म्हणाली. "तीन-एक महिन्यांनी बंद करतील. आणि साडीखाली कुणाला कळत नाही."

आक्का ऐकत होती. सिस्टर गेल्यावर ती त्या फुलीकडे बघत म्हणाली, "शेळ्यांवर करत्यात तशी खूण केलीया." मग तिलाच ते बोलणं आवडलं नसावं. तिने माझा परकर वर ओढून नाडी बांधली, खुणेच्या खाली.

संध्याकाळी पोट साफ करायची पावडर दिली. एक जग भरून पाण्यात कालवून घोटघोट संपवायची. चव खारट, त्यात लिंबाचा खोटा वास. तिसऱ्या ग्लासानंतर माझा मुक्काम संडासातच पडला. आक्का दाराबाहेर उभी राहून विचारत होती.

"काय पडतंय?"

"पाणी."

"निव्वळ?"

"पिवळं आहे अजून."

"मग पी आणिक. निव्वळ पाणी येऊस्तवर पाज म्हणलाय डॉक्टर मला."

सकाळी माझं मंगळसूत्र, कानातलं, पायातली जोडवी काढली. आक्काने ते सगळं रुमालात बांधून कमरेला खोचलं. स्ट्रेचर आलं तेव्हा तिने माझ्या डोक्यावर हात ठेवून हळू आवाजात त्रिसरण म्हटलं. नवरा दुसऱ्या बाजूला उभा होता. तो माझ्या पायावरची चादर पुन्हा पुन्हा नीट करत होता. ऑपरेशनच्या खोलीत थंडी होती. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "काय शिकवता मॅडम?" मी म्हणाले, "गणित." "अरे बापरे," ते म्हणाले. त्याच्यापुढचं काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा घसा कोरडा पडला होता आणि नाकात नळी होती. आक्काचं तोंड अगदी जवळ होतं.

"झालं. काढली गाठ. डॉक्टरनी दावली मला बरणीत."

मला तिला काही विचारायचं होतं, पण काय ते आठवेना. मी हात पोटाकडे नेला. मधोमध जाड पट्टी होती. उजवीकडे प्लास्टिक लागलं, आणि प्लास्टिकच्या आत काहीतरी कोमट. मी हात काढून घेतला आणि बाजूला चादरीवर ठेवला. पुढे कितीतरी दिवस तो हात मी त्या बाजूला जाऊ दिला नाही.

दुसऱ्या दिवशी चालवलं. पोटाशी उशी घट्ट धरून खोकायला शिकवलं. चेंडूंचं खेळणं पुन्हा हातात आलं, आता एकच चेंडू वर जात होता. दुखत होतं, ते औषधाने कमी होत होतं. सगळे एकाच गोष्टीची वाट बघत होते, आतडं कधी चालू होतंय याची. डॉक्टर येऊन पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकायचे आणि उद्या बघू म्हणायचे. मग एका दुपारी माझ्या चादरीखालून आवाज आला, लहान मुलाच्या पोटातून येतो तसा, बराच वेळ.

"वाजलं!" आक्का उठून उभी राहिली. "सिस्टर, वाजलं बघा! आमच्या हिचं वाजलं!"

अख्ख्या वॉर्डला कळलं. पलीकडच्या खाटेवरच्या बाईनेसुद्धा हात जोडले. सिस्टर हसत हसत आली, पिशवी फुगलेली बघून म्हणाली, "आता पाणी प्यायला सुरुवात करायची." सगळे माझ्याकडे आनंदाने बघत होते आणि मी पंख्याकडे बघत होते. पंख्याच्या एका पात्यावर कोळिष्टक होतं.

पिशवी कशी रिकामी करायची, कशी बदलायची, भोवतीची कातडी कशी पुसायची, हे सिस्टरने मला दाखवायचं होतं. मी खिडकीकडे तोंड करून पडायची. मग तिने ते आक्काला दाखवलं. आक्का दोन खेपांत शिकली.

"बघ की जरा," ती म्हणायची. "वंगाळ न्हाय काय. लाल हाय. डाळिंबाचं फूल असतंय का न्हाय, तसं."

"नको."

"तुझंच हाय की."

"आक्का, नको म्हणलं ना."

घरी आल्यावरही तेच चाललं. ती मऊ भात, ताक, केळ देई. पालेभाजी आणि शेंगदाणे बंद होते. वेळ झाली की ती बादली, कापूस, कात्री घेऊन यायची आणि मी भिंतीकडे वळायची. बघायला येणारी माणसं होती. वस्तीतल्या बायका, शाळेतले सहकारी, शेजारच्या विणकर घरातली अम्मा. अम्मा माझ्या उशाला बसून तेलुगूत स्वतःशीच काहीतरी पुटपुटायची, आणि सगळ्यांमध्ये तेवढंच मला ऐकावंसं वाटे, कारण त्याचा अर्थ लागत नव्हता. बाकीचे जो तो आपल्या ओळखीच्या एका माणसाची गोष्ट सांगे. काही माणसं वाचलेली असत, काही गेलेली. मी दोन्हींना सारखीच मान डोलवायची.

नवऱ्याचं एक माझ्या लक्षात आलं. आमच्या घरात एकच मोठी खोली आहे. माझी खाट तिथेच टाकली होती. तो ताट घेऊन गॅलरीत जाऊन जेवायला लागला. पहिल्यांदा वाटलं फोनवर बोलायचं असेल. मग रोजच तसं होऊ लागलं. आक्काने एकदा हटकलं.

"पावणं, हितं बसा की. तितं उनात कशापायी?"

"बरं वाटतं आक्का तिकडे. वारा असतो."

वारा वगैरे काही नसतो आमच्या गॅलरीत. मला वास येत नव्हता, किंवा नाकाला सवय झाली होती. त्याला येत असणार. त्याला कारखान्यात तेलाचा, जळक्या रबराचा वास चालतो, पण लहानपणापासून असल्या गोष्टीने त्याला उलटी होते. हे मला लग्नापासून माहीत होतं. मला त्याचा राग आला नाही. वाईटही वाटलं नाही. आज लिहिताना वाटतं की वाटायला हवं होतं.

आक्काच्या सुनेचे दिवस भरत आले तेव्हा तिला परत जाणं भाग पडलं. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी तिने नेहमीसारखं सगळं सामान आणलं, खाटेवर ठेवलं आणि स्वतः दारात जाऊन बसली.

"आज तू कर."

"उद्यापासून करायचंच आहे मला."

"तेच म्हणती मी. उद्या आडलं तर कुणाला हाक मारशील?"

"ह्यांना."

"त्येंनी बघितलंय का एकदा तरी?"

मी भिंतीकडे वळून पडले.   पिशवी भरत आलेली मला जाणवत होती, जड झाली होती. शेवटी मी म्हणाले, "आक्का, कर ना गं आजच्या दिवस."

"न्हाय करायची." तिने तोंड बाहेर फिरवलं. तिची पाठ हलत होती. ती रडत होती हे मला दिसत होतं, आणि तरी ती उठली नाही.

मी गाऊन वर केला. पिशवी रिकामी केली, शिकवलं होतं तसं कडेकडेने ओलं करत चिकटपट्टी सोडवली. आणि बघितलं.

ते लहान होतं. लाल, ओलं, माझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडं मोठं. आणि हलत होतं. आखडायचं, सैल व्हायचं, त्याच्या मनाप्रमाणे. माझ्या इच्छेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. सिस्टरने सांगितलं होतं की त्याला स्पर्श कळत नाही. मी ओल्या कापसाने ते पुसलं. खरंच कळलं नाही. पुन्हा पुसलं. भोवतीची कातडी मात्र सोलवटली होती, तिथे झोंबलं. मी नवीन पट्टीला भोक कापलं, ते वेडंवाकडं झालं, दुसरं कापलं. पिशवी लागली. हात धुतले. आक्का तोवर चहा टाकायला गेली होती.

"लागली का?" तिने आतून विचारलं.

"लागली."

ती गेल्यावर पंधरवड्याने डॉक्टरांनी तपासायला बोलावलं. काढलेल्या भागाचा अहवाल आला होता. भोवतीच्या लसिकाग्रंथींमध्ये कॅन्सर सापडला नव्हता, इतर औषधांची गरज नव्हती. डॉक्टर म्हणाले, "उत्तम आहे मॅडम, याहून चांगला रिपोर्ट नसतो." नवऱ्याने त्यांचे दोन्ही हात धरले. त्या दिवशी तो मुद्दाम इस्त्रीचा चौकडीचा शर्ट घालून आला होता, लग्नाकार्यात घालतो तो. मी म्हणाले, "थँक्यू डॉक्टर."

परत येताना रिक्षा भर बाजारात अडकली. पुढे कुणाच्यातरी ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी झाली होती. दुपारची वेळ, दोन्ही बाजूंना माणसं, हातगाडे, हॉर्न. आणि मला पोटावरून कोमट काहीतरी खाली जाताना कळलं. पट्टीची एक कड सुटली होती. मी पदर दाबून धरला, पण ते थांबणारं नव्हतं. साडीवर डाग उतरत मांडीपर्यंत आला.

"अहो," मी म्हणाले, "सुटलं."

त्याने बघितलं. पहिल्यांदाच बघितलं, तेही असं. वास तर लगेच सुटला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला, ओठ घट्ट मिटले. मला वाटलं आता हा उतरेल. त्याने शर्टाची बटणं काढली. एकेक करून, घाई न करता, वरपासून खालपर्यंत. शर्ट काढून माझ्या पोटाभोवती गुंडाळला, बाह्या मागे नेऊन गाठ मारली आणि वरून स्वतःचा हात दाबून धरला. आणि भर बाजारात रिक्षात बनियनवर बसून राहिला. बनियनला काखेपाशी भोक होतं. मी ते बघत होते.

रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. "क्या हुआ मामू? भाभी की तबीयत खराब है क्या?"

"जरा त्रास होतोय. हळू घ्या."

 रिक्षावाला खाली उतरला, माझ्या बाजूचा पावसाळी पडदा सोडला, बांधला आणि परत येऊन बसला. ट्रॉली हलली. पुढच्या चौकात नवऱ्याच्या कारखान्यातले दोघे मोटरसायकलवरून जात होते. त्यांनी ओळखलं.

"काय राव, शर्ट कुठाय?"

"उकडतंय," नवरा म्हणाला. थंडीचे दिवस होते.

घरी आल्यावर त्याने मला न्हाणीत उभं केलं आणि तांब्याने पाणी घातलं. मग म्हणाला, "कसं लावतात ते दाखव मला." मी दाखवायला लागले. मध्येच तो बाहेर पळाला, त्याला उमळून आलं होतं, मी आवाज ऐकला. तोंड धुऊन तो परत आला. "हां. पुढे?" म्हणाला. मी पुढचं दाखवलं. साडी त्याने धुतली, शर्टही धुतला. शर्टावरचा डाग काही गेला नाही.

त्यानंतरही तो जेवायला गॅलरीतच बसत राहिला. तेवढं त्याला जमलं नाही. मी ते कधी बोलून दाखवलं नाही.

दुसरं ऑपरेशन उन्हाळ्याच्या तोंडावर झालं. ते लहान होतं. आतड्याचा वळसा आत घालून पोट शिवलं. पिशवी गेली. पण आतडं जणू आपलं काम विसरलं होतं. सुरुवातीला दिवसातून कितीदा जावं लागायचं त्याला मोजदाद नव्हती. घराबाहेर पडताना पहिला विचार संडास कुठे आहे हा. शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा मुख्याध्यापकांनी मला कोपऱ्यावरचा वर्ग दिला, कारण त्याला लागूनच शिक्षिकांचं स्वच्छतागृह होतं. हे कारण त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मुलं नवीन होती. जुनी दहावी परीक्षा देऊन गेलेली होती. व्रणाखालची कातडी अजून बधिर आहे. तिथे परकराची नाडी घट्ट झाली तरी कळत नाही, संध्याकाळी वळ दिसतो तेव्हा कळतं.

नंतरच्या एका तपासणीत डॉक्टरांनी विचारलं, "रक्ताच्या नात्यात कोण आहे?"

"एक बहीण आहे. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी."

"मग त्यांची दुर्बिणीची तपासणी करून घ्या. टाळू नका."

मी आक्काला फोन केला. ती फोनवरच भडकली.

"मला काय धाड भरलीया? दोन वक्ताला दोन भाकरी खाती. म्हशीचं सगळं मी करती. उगं कायतरी काढू नगं."

"आक्का, मलाही काही होत नव्हतं."

"तुला व्हत हुतं. तू सांगत न्हवतीस."

शेवटी मी एका रविवारी एसटीने तिच्या गावी गेले आणि तिला घेऊनच आले. नातू मांडीवर घेऊन ती बराच वेळ बसली, मग त्याला सुनेकडे देऊन उठली. पोट साफ करायची पावडर या खेपेला मी कालवली. तिने ग्लास एका दमात रिकामा केला, तोंड वाकडं केलं. "ह्याच्यापक्षा शिळं कालवण बरं," म्हणाली. पुढे सगळं मुकाट्याने केलं.

सकाळी तिला आत नेलं. मी आणि नवरा बाहेर बाकावर बसलो. दार बंद झालं. पाच-दहा मिनिटं झाली असतील, आणि मला बसवेना.  उठले, दारापर्यंत गेले, परत आले.  आत तिच्या पोटात काय सापडेल, कुठल्या जागी फुली पडेल, तिच्या पोटावर कोण खूण करेल, तिची म्हैस कोण बघेल, सगळं एकदम डोक्यात शिरत होतं. तिच्या कमरेला खोचलेला रुमाल डोळ्यांपुढे येत होता.

"बस ना," नवरा म्हणाला. "तुझ्या वेळी तर तू किती शांत होतीस."

 मी त्याचं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं. माझी नखं त्याला लागत असणार. त्याने हात सोडवून घेतला नाही.

डॉक्टर बाहेर आले. "दोन लहान कोंब होते आतड्यात. तिथल्या तिथे काढले. तपासायला पाठवतो, पण काळजीसारखं दिसत नाही. त्यांना दरवर्षी... नाही, दर दोन-तीन वर्षांनी बोलवू."

मी "बरं" म्हणायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही.

आक्काला चाकाच्या खुर्चीवरून बाहेर आणलं. भूल पुरती उतरली नव्हती. पदर एका बाजूला ढळला होता, केस सुटले होते. एवढी म्हातारी ती मला कधी दिसली नव्हती. मी तिच्यापुढे खाली फरशीवरच बसले, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि रडायला लागले. मोठ्याने. रांगेतली माणसं वळून बघत होती. नवरा अवघडून उभा होता. मला थांबता येत नव्हतं आणि थांबावंसं वाटतही नव्हतं.

"आगं," आक्काचा हात चाचपडत माझ्या डोक्यावर आला. जीभ जड झाली होती तिची. "रडतीस कशाला? मला काय न्हाय म्हणला की त्यो."

"हो."

"मग?"

मी काय सांगणार होते? मी कशासाठी रडत होते ते मला आजही नीट सांगता येत नाही. तिच्यासाठी असेल. त्या सगळ्या महिन्यांसाठी असेल. ती माझ्या केसांतून बोटं फिरवत राहिली आणि मग नवऱ्याला म्हणाली, "पावणं, च्या मिळतोय का कुटं हितं? सकाळपासनं पोटात काय न्हाय माझ्या. हिलाबी घ्या, साखर जास्त घालून."

तो खाली चहा आणायला गेला. आम्ही दोघी तिथेच होतो, ती खुर्चीत आणि मी फरशीवर. ती मला म्हशीला झालेल्या रेडकाबद्दल सांगायला लागली. मध्येच तिचा डोळा लागायचा आणि उघडला की गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. मी दर वेळी हुंकार देत होते.